माभेंगूच्या घरचे दाणे

माभेंगूला कुणी "कशी आहेस?" असं विचारलं, की ती सांगायची, "उभी आहे." अंगात ताप असो, गुडघे धरलेले असोत, नाहीतर लग्नघरात नवी शाल पांघरून मिरवत असो, उत्तर तेच. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारी कुरकुरी आहे. कुरकुरी ती होतीच, पण उत्तराचं कारण वेगळं होतं. आमच्या झुलू भाषेत "बरी आहे" म्हणायचं तर तोंडातून "फिला" असा आवाज काढावा लागतो, आणि माभेंगूच्या नवऱ्याचं नाव होतं म्फिलिसेनी.

नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत थुकेला नदीच्या दोन्ही काठांना आहे. पण नुसतं नाव टाळून भागत नाही. त्या नावातला आवाज ज्या ज्या शब्दात येईल तो शब्दही बाईने टाकायचा आणि त्याच्या जागी दुसरा शोधायचा. बऱ्याच घरांत हल्ली हे पाहुण्यांसमोर तेवढं चालतं. माभेंगूच्या घरात ते कोंबड्यांसमोरसुद्धा चालायचं.

बाकी जिभेला तिच्या हाड नव्हतं. गावच्या मुखियाला तिने भर सभेत "तुझी गुरं तुझ्यापेक्षा वेळेवर घरी येतात" असं सुनावलं होतं. चर्चच्या बायका तिच्यापासून दोन हात लांबच बसायच्या. मात्र त्या एका आवाजाशी आली की ही फटकळ बाई वाटेतल्या चिखलाला वळसा घालावा तशी अलगद बाजूने जायची. नवरा सोन्याच्या खाणीतून छाती पोखरून घेऊन परत आला, दवाखान्याने त्याला मूठभर गोळ्या दिल्या, तेव्हा तिची पंचाईत झाली. गोळीला आम्ही म्हणतो फिलिसी. म्हणजे नवऱ्याचं नाव जवळजवळ सगळंच. माभेंगूने विचार केला आणि गोळीला "दाणा" म्हणायला लागली. "दाणे घेतले का, मुझीचे बाबा?" असं ती रोज विचारायची. दाणे घेऊनही तो गेला. त्या काळी असे पुष्कळ जात.

मुझी हा तिचा एकुलता मुलगा. तोही खाणीतच, पण रुस्टेनबर्गला, नाताळला यायचा. त्याची बायको थोलाकेले घरात आली, तेव्हा माभेंगूने तिला चुलीपाशी बसवून शिकवणी घेतली. हा शब्द या घरात नाही, तो शब्द या घरात नाही.

"मग गोळीला काय म्हणायचं, आई?" थोलाकेलेने खाली मान घालून विचारलं.

"दाणा."

"आणि दाण्याला?"

"दाणाच. डोक्यात अक्कल असली की कळतं कुठला ते."

थोलाकेलेच्या डोक्यात अक्कल होती. तोंडात मात्र शब्द कमी. माभेंगूला अशी सून हवीच होती, आणि मिळाल्यावर ती तिच्या मुकेपणावर चिडायची. "बोल की, बोललीस तर दात पडणार नाहीत," म्हणायची. थोलाकेले हसायची आणि पाण्याला जायची. दोघींचं बरं चाललं होतं, पण हे माभेंगू कुणापुढे कबूल करत नव्हती.

पोटुशी असताना थोलाकेलेच्या रक्तात ती तीन अक्षरं सापडली. एचआयव्हीला आमच्याकडे तीन अक्षरंच म्हणतात. माभेंगूने मुझीला फोन लावला आणि त्याला असं धारेवर धरलं, की फोन कानापासून हातभर लांब धरून त्याने ऐकून घेतलं. मग तोही खाणीच्या दवाखान्यात जाऊन औषधं घ्यायला लागला. सुनेला ती एवढंच म्हणाली, "यात तुझी मान खाली घालण्यासारखं काही नाही. मान तू रीतीसाठी घाल." मुलगी झाली, नोलवाझी. तिच्या रक्तात काही निघालं नाही. घरातल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला, आणि तेवढ्यात थोलाकेलेला खोकला लागला.

तो खोकला माभेंगूने ऐकला मात्र, हातातलं सूप खाली ठेवलं. तिला तो ओळखीचा होता.

जिल्ह्याच्या दवाखान्यामागे पत्र्याच्या पांढऱ्या खोल्या ओळीने उभ्या आहेत. तिथे डरबनहून आलेली माणसं काम करतात. छातीचा क्षय आणि तीन अक्षरं एकाच अंगात असली तर काय करायचं, नव्या औषधांनी कमी महिन्यांत गुण येतो का, हे शोधणं हे त्यांचं काम. त्या जागेचं खरं नाव लांबलचक आहे. गावात त्याला "कफाचं ऑफिस" म्हणतात, कारण तिथे गेल्या गेल्या हातात झाकणाची डबी देतात आणि बाहेर मोकळ्यावर जाऊन त्यात कफ काढायला सांगतात. डॉक्टर मूडली तिथल्या मोठ्या. डरबनमधल्या इंडियन घरातल्या, पण झुलू बोलतात, जरा ठेचकाळत. त्यांनी घरी येऊन सगळं समजावून सांगितलं: हा अभ्यास आहे, नको असेल तर नाही म्हणा, मधूनही सोडता येईल. माभेंगूने त्यांच्यापुढे आंबट दुधाचा वाडगा ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला. "जी बाई आमचं दूध तोंड वाकडं न करता पिते, ती आम्हाला फसवणार नाही," असं माभेंगूने ठरवलं. थोलाकेलेने अंगठा नाही, सही केली.

गोळ्या माभेंगूने आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या, किल्ली कमरेला. रोज सकाळी पातळ आंबील झाली की पेटी उघडायची, सुनेच्या हातावर गोळ्या ठेवायच्या, ती गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, "आ कर" म्हणायचं आणि मगच कोंबड्या सोडायच्या. दवाखान्यातून आणलेली औषधं कुणी इतक्या कडक पहाऱ्यात घेतली असतील असं वाटत नाही.

गडबड झाली ती दुसरीकडे. कफाच्या ऑफिसात नोक्वांडा नावाची एक मुलगी होती. उमलाझीची, शहरात वाढलेली, चुणचुणीत आणि मनाने चांगली. दर भेटीला औषध घेणाऱ्यांशी बोलायचं आणि ते बोलणं यंत्रात टिपून डरबनला पाठवायचं, हे तिचं काम. त्या कामाचा एक नियम असा, की विचारणाऱ्याने समोरच्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही. "गोळ्या घेता ना?" असं विचारलं तर कुणीही हो म्हणेल. म्हणून विचारायचं, "तुम्ही रोज काय घेता?" आणि जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत ठेवायचं. नियम शहाणपणाचाच होता. ज्याने केला त्याला माभेंगू भेटली नव्हती, एवढंच.

"तुम्ही रोज सकाळी काय घेता, ताई?"

"दाणे," थोलाकेले म्हणाली.

"कसले दाणे?"

"पांढरे. आणि तांबूस."

"ते कुठून येतात?"

"आईंच्या पेटीत असतात. त्याच देतात."

औषध म्हणावं तर आमच्यात झाडपाल्यालाही औषध आणि दवाखान्यातल्यालाही औषधच. त्यामुळे "औषधाचे दाणे" असं तिने पुढे म्हटलं, त्याने उलट शंका पक्कीच झाली. नोक्वांडाच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: डोंगरावरची खाष्ट सासू, कुलूपबंद पेटी, वैदूकडच्या बिया, आणि सुनेला बोलायची चोरी. तिला थोलाकेलेची दया आली.

दोन महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा थोलाकेलेच्या कफात अजून जंतू दिसत होते. वजनही वाढलं नव्हतं. डरबनला बसून ती बोलणी ऐकणाऱ्यांनी कळवलं, की ही बाई गोळ्या टाकून वैदूच्या बिया खाते, तिला अभ्यासातून काढा. वैदूचा पाला आणि ही औषधं एकत्र झाली तर यकृताला धोका असतो, त्यामुळे नियम पक्का होता. आणि अभ्यासातून निघालं, औषध अर्धवट सोडलेलं आहे असा शिक्का बसला, की पुढची जागा ठरलेली. मारित्झबर्गचं क्षयाचं रुग्णालय. तिथे पूर्ण बरं होईपर्यंत मुक्काम, निदान सहा महिने, आणि अंगावर पिणारं मूल सोबत नेता येत नाही.

हा निरोप घेऊन सिस्टर गुमेडे स्वतः घरी आल्या. वयस्क नर्स, डोंगराखालच्याच. त्यांनी निरोप सांगितला आणि नोलवाझीला मांडीवर घेतलं. थोलाकेले उठली, दोरीवरची मुलीची दुपटी काढायला लागली, वाळली नव्हती तरी घड्या घालायला लागली.

"अर्धवट सोडलं?" माभेंगू म्हणाली. "कुणी? माझ्या डोळ्यांदेखत गिळते ती. मी तिच्या जिभेखाली बघते, सिस्टर. घोड्याचे बघावेत तसे दात बघते."

"गोगो," सिस्टर म्हणाल्या; आजीला आम्ही गोगोच म्हणतो. "तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. यंत्रात आहे."

"काय सांगितलंय?"

"तुमच्या पेटीतले दाणे खाते म्हणून."

मग माभेंगूच्या लक्षात आलं. शब्द तिचा होता. सुनेने तिचं ऐकलं, अगदी तंतोतंत ऐकलं, आणि त्यापायी तान्हं मूल आईवेगळं व्हायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी ती थोलाकेलेला आणि नोलवाझीला घेऊन पहिल्या टॅक्सीने निघाली. डोक्याला चर्चचा रुमाल, खांद्यावर चांगली शाल. टॅक्सीत कुणीतरी कशी आहेस विचारलं. त्या दिवशी ती "उभी आहे" सुद्धा म्हणाली नाही.

पत्र्याच्या खोलीत डॉक्टर मूडली होत्या, सिस्टर गुमेडे होत्या, आणि नोक्वांडा यंत्र मांडून बसली होती. खिडक्या सताड उघड्या, पंखा सुरू. माभेंगूने खुर्ची घेतली. थोलाकेले रीतीप्रमाणे खाली चटईवर बसली, मुलीला शालीखाली घेऊन.

"डॉक्टरबाई," माभेंगू म्हणाली, "ते दाणे म्हणजे तुमचंच जे आहे ते. आमच्या घरात त्याचं खरं नाव घेत नाहीत. ते माझ्या माणसाचं नाव आहे. पोरीचा सासरा तो."

सिस्टर गुमेडेंनी कपाळावर हात मारून घेतला. "माजोझी घराणं. म्हाताऱ्याचं नाव… अरे देवा. मी इथलीच असून माझ्या लक्षात येऊ नये?"

नोक्वांडा एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. "म्हणजे सासऱ्याच्या नावामुळे गोळीला गोळी म्हणत नाहीत?"

"तुमच्या उमलाझीत सासऱ्याला काय म्हणतात?" माभेंगूने विचारलं.

"डॅड म्हणतात, गोगो."

"मग तुला कसं कळणार, बाळा," माभेंगू म्हणाली. टोमणा मारायचा होता, पण आवाज तसा निघाला नाही.

डॉक्टर मूडली म्हणाल्या, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. सिस्टरना पटलंय, नोक्वांडालाही पटलंय. पण यांना काढा म्हणणारे डरबनला आहेत, आणि ते यंत्रात जे ऐकतील तेच धरतील. मी लिहून पाठवलं तर म्हणतील, डॉक्टर आपल्या पेशंटची बाजू घेते. नोक्वांडाने लिहिलं तर म्हणतील, हिने एकदा चुकीचं समजून घेतलंच होतं. थोलाकेलेच्या तोंडून आलं पाहिजे, ती काय घेते ते. आणि आमच्यापैकी कुणी तिला तो शब्द सुचवायचा नाही."

नोक्वांडाने यंत्र सुरू केलं. छोटा लाल दिवा लागला.

"तुम्ही रोज सकाळी काय घेता, ताई?"

थोलाकेलेने सासूकडे पाहिलं, मग टेबलावरच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे बोट केलं.

"बोट नको, ताई. याला डोळे नाहीत. तोंडाने सांगा."

"ते… डॉक्टरबाई देतात ते."

"काय देतात?"

"आई पेटीत ठेवतात ते." तिच्या कपाळावर घाम आला होता. "बाई, मी रोज घेते. एक दिवस चुकवलं नाही. मुलीची शपथ."

"काय घेता?" नोक्वांडाने पुन्हा विचारलं. तिचाही आवाज रडवेला झाला होता.

थोलाकेलेने ओठ उघडले. शब्द आला नाही. सासू समोर होती, आणि मेलेला सासरा तिच्या लेखी त्याहून जवळ होता. नोलवाझी दूध सोडून आईच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळायला लागली.

"म्हण," माभेंगू म्हणाली. "मी सांगते म्हण."

"माझ्याच्याने होत नाही, आई."

"मी तुला परवानगी देते."

"तुम्ही स्वतः कधी म्हटलं नाहीत, आई. मी कशी म्हणू?"

ते खरं होतं. माभेंगू खुर्चीवरून उठली. गुडघ्यांवर हात टेकत टेकत खाली चटईवर सुनेशेजारी बसली, सुनेने बसावं तशी, पाय एका बाजूला दुमडून. शाल खांद्यावर ओढून घेतली. यंत्राकडे न बघता, जमिनीकडे बघत म्हणाली, "फिलिसी."

सिस्टर गुमेडेंनी मान खाली घातली.

"फिलिसी," ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. "घे. आधी मी म्हटलंय. काय व्हायचं ते मला होईल. आता तू म्हण."

थोलाकेलेने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि यंत्राच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाली, "मी रोज फिलिसी घेते. आई देतात."

नोक्वांडाने यंत्र बंद केलं आणि डोळे पुसले. "शब्द सुचवायचा नाही, असा नियम आहे," ती म्हणाली, "पण तो विचारणाऱ्यासाठी आहे. सासूबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. आणि सासूचं बोलणंही मी तसंच पाठवणार. ऐकू देत त्यांना."

डरबनच्या माणसांनी ते ऐकलं, आणि त्यांचा आग्रह संपला. कफाची आणखी एक बारीक तपासणी तिकडे चालू होती, तिचाही निकाल आला: औषध या जंतूंवर लागू पडत होतं, गुण यायला वेळ लागत होता एवढंच. थोलाकेले अभ्यासात राहिली. पुढच्या महिन्याच्या डबीत एकही जंतू निघाला नाही. सिस्टर गुमेडेंनी फोनवर सांगितलं तेव्हा थोलाकेले चुलीपाशी मक्याचा फुथू ढवळता ढवळता हुंदके देऊन रडली. माभेंगू तिला म्हणाली, "रडतेस काय, फुथू करपतोय." आणि स्वतःच पातेलं उतरवलं.

त्याच दुपारी माभेंगू एकटीच गोल झोपडीत शिरली. मागच्या भिंतीशी, जिथे घरातले गेलेले लोक बसतात, तिथे तिने इम्फेफोची, पूर्वजांसाठी जाळतात त्या सुवासिक पाल्याची, काडी पेटवली. पूर्वजांशी बोलणं हे खरं पुरुषाचं काम, पण पुरुष रुस्टेनबर्गला होता आणि ही गोष्ट नाताळपर्यंत थांबण्यासारखी नव्हती. धूर जरा वर चढल्यावर ती बोलायला लागली.

"मुझीचे बाबा, तुमच्या नावाचा आवाज मी ऑफिसात काढला. दोनदा. परक्या माणसांपुढे, यंत्रापुढे. तो डरबनपर्यंत गेलाय. राग आला असेल तर माझ्यावर काढा. पोरीला हात लावू नका. तिने माझ्या सांगण्यावरून म्हटलं, आणि तिला मूल आहे."

उत्तर येत नसतं, ते तिला ठाऊक होतं. ती बसून राहिली. जे कुणालाच सांगितलं नव्हतं, चर्चच्या बायकांना नाही, मुझीला नाही, ते तिच्या मनात आलं.

शेवटच्या आजारपणात एक दिवस म्फिलिसेनीने तिला जवळ बोलावलं होतं. धाप लागत होती, त्यामुळे तुटक बोलत होता. म्हणाला, "खाणीत मला नंबर होता. गावात कुळाच्या नावाने हाक मारतात. इथे मी मुझीचा बाप. आई गेली, तेव्हापासून माझ्या नावाने मला कुणी हाक मारलेली नाही. तू एकदा मार." ती घाबरली होती. असं मागणं कुणी करतं का, असं तिला वाटलं. "काहीतरीच काय बोलता, मुझीचे बाबा," ती म्हणाली, "पाणी पिता का?" तो तिच्याकडे बघत म्हणाला, पितो. तिने पाणी पाजलं. पुन्हा त्याने मागितलं नाही. या घरात सगळ्या रीती नीट पाळल्या असं गाव म्हणायचं, आणि ते ऐकताना दर वेळी तिला तेवढं पाणी आठवायचं.

"अहो," ती धुराकडे बघत म्हणाली. "म्फिलिसेनी."

मग पुन्हा म्हणाली. हाक मारावी तसं, दारातून शेतातल्या माणसाला मारतात तसं, खणखणीत.

अंगणात थोलाकेले नोलवाझीला पाठीला बांधून कपडे वाळत घालत होती. आवाज तिच्या कानावर आला. ओलं कापड तसंच दोरीवर टाकून ती पावलं न वाजवता गुरांच्या वाड्यापलीकडे, ऐकू येणार नाही इतक्या लांब निघून गेली. नवरा-बायको बोलत असले की सुनेने तिथे थांबायचं नसतं.